तळहातानं मारलेला एंटर

राखोलीच्या पुलाच्या तोंडाशी गलेलीवाल्या बाया बसायला लागल्या की माझं पोट आणि डोकं दोन्ही बिघडतं. पोट गलेली खाऊन, डोकं न खाताच. मुंबईवाले ताडगोळा म्हणतात, इथं गलेली. आमच्या शिरपूरकडं काहीच म्हणत नाहीत, कारण तिकडं ताडच बघितला नाही मी. खाली दमणगंगा उन्हात एवढीशी होऊन पडलेली असते, वर ट्रकवाले हॉर्न मारत असतात, आणि झावळ्यांच्या सावलीत बाई कोयत्यानं फळ उघडते. आतले डोळे पांढरे, थंड. त्यात अंगठा घालायचा, की पाणी थेट शर्टावर. दरवर्षी शर्टावर. एवढ्या वर्षांत मला गलेली खाता येईना, आणि काय शिकणार मी.

परवा बाईनं विचारलं, "काका, आंगळी क्यां गई?" माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वरून आखूड आहेत, त्याबद्दल. मी म्हटलं, "बायकोनं अंगठी परत मागितली. निघेना, म्हणून बोटासकट दिली." ती खूप हसली. माझं लग्नच झालेलं नाही. पण खरं सांगितलं तर कोण हसतं?

हे सगळं मी फोनला बोलून लिहितोय. शाळेनं मला तिसरीत सोडलं आणि मागं वळून बघितलं नाही. इंग्रजी मला मशीननं शिकवलं. स्टार्ट, स्टॉप, रिसेट, एवढं तोंड बघून ओळखतो. नाव मात्र युवराज. युवराज, आणि झोपायला अर्धी खाट.

अर्धी खाट म्हणजे खरंच अर्धी. खडोलीला दोऱ्याच्या कारखान्यात असताना डोकमर्डीत एका खोलीत मी आणि रामदास राहायचो. तो साक्रीकडचा, बारावी आणि आयटीआय झालेला, मशीनच्या वायरिंगचा माणूस. खोलीत खाट एक. तो दिवसपाळीला असला की मी रातपाळीला. तो उठून कामावर गेला की मी येऊन त्याच जागी पडायचो. उशी अजून कोमट असायची. सिल्वासात आमच्यासारख्यांच्या निम्म्या खोल्यांमध्ये असंच चालतं, खाट कधी गार होत नाही. नियम फक्त एक. उठताना पूर्ण उठायचं. आपली चादर गुंडाळून कोपऱ्यात, आपला टॉवेल खिळ्यावर, आपला केस उशीवर नको. दुसरा येईल तेव्हा खाट जणू कोणाचीच नसावी.

कारखान्यात उलटा नियम. तिथं मशीन कधी थांबत नाही. पाळी बदलताना जाणारा चालू मशीन देतो, येणारा चालू मशीन घेतो. त्या थोड्या वेळातच मला रामदास जागा दिसायचा. बाकी मी त्याला ओळखायचो ते उशीच्या वासावरून. खोबरेल आणि मशीनचं तेल.

बोटांची गोष्ट त्या पाळी बदलण्यातलीच. मी मशीन देत होतो आणि देता देता सुपरवायझरची नक्कल करत होतो. तो कसा ढेरी पुढं काढून "हुं, हुं" करत चालतो ते. चार जण हसत होते. मला पाचवाही हसायला हवा होता, म्हणून मी हात जास्तच फिरवला आणि तो दोरा गुंडाळणाऱ्या रोलरमध्ये गेला. मागून रामदासचा हात आला, खांद्यापासून सरळ, तळहात उघडा, आणि लाल बटणावर थाड. सगळं थांबलं. एवढी शांतता त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच ऐकली. बोटांचे शेंडे गेले, हात राहिला.

मी नंतर त्याला विचारलं, "एवढं पटकन कसं सुचलं रे?"

"सुचलं नाही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी शिकवलंय ना. काही दिसलं की आधी बंद, मग विचार. विचार करत बसलो असतो तर तुझी नक्कल डाव्या हातानं करावी लागली असती."

मग एका उन्हाळ्यात कारखानाच थांबला. त्याला कोणी लाल बटण दाबलं, आम्हाला कळलं नाही. गेटवर कागद लागला, मशीनं ट्रकवर चढून गेली. पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच वेळी खोलीत, जागे. एक खाट, दोन माणसं, वर पंखा गरम हवा ढवळतोय. दोघंही उभेच. "तू पड." "नाही, तू पड." शेवटी मी खाली फरशीवर पडलो, कारण फरशी गार होती. रामदासला वाटलं मी त्याग केला. मी वाटू दिलं. तेव्हा कळलं की तो घोरतो, आणि त्याला कळलं की मी झोपेतही बडबडतो. म्हणाला, "झोपेतले तुझे विनोद जरा बरे असतात."

त्याच दिवसांत लॅपटॉप आला. वापीच्या जुन्या बाजारातला, एका कोपऱ्यात चीर गेलेला. राखोलीच्या एका प्लांटमध्ये मेहुलभाई म्हणून कॉम्प्युटरचे साहेब होते. रामदासनं कधीतरी त्यांची केबल दुरुस्त करून दिली होती. ते म्हणाले होते, लिनक्स शिकून ये, फायरवॉल लावता आली पाहिजे, मला एक असिस्टंट पाहिजे. तेवढ्या एका वाक्यावर रामदासनं सगळं घर उभं केलं. बायको कल्पना आणि मुलगी गौरी गावाला होत्या. नोकरी लागली की जूनच्या आधी दोघींना इथं आणायचं, गौरीला इथल्या मराठी शाळेत घालायचं. नाही लागली तर गावी जाऊन बसायचं, आणि गावी भावांच्या घरात त्याच्यासाठी एक कोपरासुद्धा उरला नव्हता. त्यानं दाराजवळ, लहान मुलीच्या हाताला येईल इतक्या खाली, एक खिळा ठोकला. गौरीच्या दप्तरासाठी. मी म्हटलं, "आणि मी?" तो म्हणाला, "तू दुसरी खाट शोध." म्हणजे तो पास झाला असता तर मी रस्त्यावर. आणि तरी मीच त्याचा अभ्यास घेत होतो. एवढा मूर्ख युवराज गादीवर बसला नाही ते राज्याचं नशीब.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच, कॉम्प्युटर चालवणारं. ते टाकायच्या दिवशी स्क्रीननं विचारलं, जुनं पुसून टाकू की त्याच्या बाजूला बसू? रामदासनं मला वाचून दाखवलं. आत विंडोज होतं आणि त्यात गौरीचा चित्रं रंगवायचा गेम, ती येईल तेव्हासाठी आधीच घालून ठेवलेला. मी म्हटलं, "पुसू नको रे. बाजूला टाक. आपण काय एवढे जागेला मोठे लागून गेलो?" मग बाजूला टाकलं. त्यानंतर लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, वर लिनक्स, खाली विंडोज, आणि शेजारी आकडा उलटा उतरायचा. तेवढ्यात बोट लावलं तर तुमच्या मनाचं, नाही तर आपोआप वरचं उघडायचं. मला ते इतकं कळलं की मी रामदासला समजावून सांगायला लागलो. "अरे, ही तर आपली खाट! जागा एक, माणसं दोन, एका वेळी एकच झोपणार."

कळलं म्हणजे कळलंच नव्हतं. एका दुपारी मी विंडोजमध्ये गौरीचा गेम खेळत होतो. माझं वय सांगत नाही, पण मी हत्ती निळा रंगवला. रामदासनं लॅपटॉप मागितला तर मी तो बंद न करता नुसता झोपवून दिला. कारखान्याची सवय, चालू मशीन द्यायचं. त्यानं लिनक्स उघडलं आणि तिथून विंडोजच्या बाजूला काही ठेवायला गेला, तर लिनक्स ठेवूच देईना. इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणत होतं. रामदासनं वाचलं आणि पोट धरून हसायला लागला. हसला की तो अहिराणीत जायचा. "युवराज भो, माणूस खाटवरून उठेलच नही शे! म्हणतंय, आधी त्याला पूर्ण उठव, मग मी ह्याच्या चादरीला हात लावीन."

त्या उन्हाळ्यात इतकं हसलेलं ते शेवटचं.

फायरवॉल म्हणजे काय ते त्यानं मला गलेली खाता खाता सांगितलं. कॉम्प्युटरला खूप दारं असतात, नंबर टाकलेली. बाहेरचं कोणीही कुठलंही दार वाजवतं. फायरवॉल म्हणजे वॉचमन. तो नियम वाचतो, वरून खाली. ह्याला आत घे, त्याला घे, आणि शेवटी बाकी सगळं ड्रॉप. ड्रॉप म्हणजे उत्तरही द्यायचं नाही. वाजवणाऱ्याला वाटलं पाहिजे की घरात कोणी नाही. "आणि एक लक्षात ठेव," तो म्हणाला, "दूरच्या मशीनवर काम करत असलास तर तूपण बाहेरचाच. तूपण एका दारानं आत गेलायस. बावीस नंबरच्या. म्हणून आधी स्वतःच्या दाराचा नियम लिहायचा, मग सगळं ड्रॉप. उलटं केलं तर संपलं."

मग रोज संध्याकाळी, लाइट असली तर, परीक्षा. मी खांद्यावर टॉवेल टाकून मेहुलभाई व्हायचो. मेहुलभाईंना मी तोवर बघितलंही नव्हतं, पण परीक्षक व्हायला काय लागतं, भुवई. "हं, बोलो भाई, पेहले शुं करवानुं?"

"पहिले बावीसला परवानगी."

"पछी?"

"मग सगळं ड्रॉप."

"बराबर छे," मी म्हणायचो. बरोबर आहे की नाही हे मला काय डोंबल कळत होतं. त्यानं उलटं सांगितलं असतं तरी मी बराबर छे म्हटलं असतं. पण तो कधी उलटं सांगायचा नाही. शंभरदा विचारा, आधी बावीस. नियम तर त्यानं लॅपटॉपमध्ये असे बसवले होते की चालू केला की आपोआप लागायचे. कल्पनावहिनींचा फोन आला की तो मला सांगायचा, "भो, बोल तिच्याशी, सांग मला येतं सगळं." मी सांगायचो, "वहिनी, हा एवढा हुशार झालाय की आता खाटेवर कडेला सरकून झोपतो." पलीकडून आधी गौरी हसायची, मग वहिनी. वहिनी थांबून विचारायच्या, "भाऊजी, खरं सांगा, लागेल ना?" मी म्हणायचो, "लागली समजा." वहिनींनी गौरीचा गावच्या शाळेतला दाखला काढून ठेवला.

मेहुलभाईंनी बोलावलं तेव्हा ऊन असं होतं की राखोलीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. मी लॅपटॉपची पिशवी धरायला बरोबर गेलो. खोली एसीची, इतकी गार की माझ्या आखूड बोटांत कळ आली. मेहुलभाई बारीक, गोरे, भुवया अगदी साध्या. मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. आमचा लॅपटॉप त्यांनी उघडलाही नाही. आपल्या मशीनसमोर रामदासला बसवलं आणि म्हणाले, नदीकडच्या दुसऱ्या शेडमध्ये एक लिनक्सचं मशीन आहे, इथूनच त्यात जा आणि फायरवॉल लावून दाखव. रामदास आत गेला. बावीसमधूनच. मला पाठीवरून कळत होतं की तो आरामात आहे.

मग मेहुलभाईंनी, भल्यासाठीच बहुतेक, एक बटण दाबून दाखवलं. "जुओ, केवी हालत छे." पडद्यावर ओळी पळायला लागल्या. बाहेरचं कोणीतरी त्या मशीनचं दार वाजवत होतं, खोटे पासवर्ड घालून, पुन्हा पुन्हा, ओळीवर ओळ, थांबायचं नाव नाही. दोरा तुटून रोलरवर गुंडाळत जातो तसं.

मी रामदासच्या पाठीकडं बघत होतो. ती पाठ ताठ झाली. ती मी ओळखत होतो, मशीनवर काही बिघडलं की अशीच व्हायची. बोटांनी त्यानं एकच ओळ लिहिली, आणि एंटर मारला तो बोटानं नाही, तळहातानं. खांद्यापासून सरळ, हात उघडा. थाड.

सगळं थांबलं. पळणाऱ्या ओळी थांबल्या. आणि त्याच्या पुढ्यातला कर्सरही थांबला. तो दाबत राहिला, काही उमटेना. आधी सगळं ड्रॉप केलं होतं त्यानं. बावीस लिहायचा राहिला होता.

मेहुलभाई हसले, वाईट नाही हसले. "अरे भाई, दरवाजो बंद करी दीधो, ने पोते बार रही गया!" म्हणजे दार लावून स्वतःच बाहेर राहिला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या मशीनवर दुसऱ्या शेडचा वजनकाटा चालत होता. ट्रक अडकले होते. चालू मशीनवर परीक्षा घेणारे मेहुलभाईही आमच्यातलेच निघाले म्हणायचं. ते मोटरसायकलची किल्ली फिरवत निघाले, तिकडं जाऊन हातानं उघडायला. जाता जाता म्हणाले, "फोन करीश," म्हणजे ते करणार.

आम्ही पुलापर्यंत चालत आलो. गलेलीवाली होती. रामदास म्हणाला, "खाऊ का?" मी म्हटलं, "खाऊ." माझं पाणी शर्टावर सांडलं. त्याचंही सांडलं, पहिल्यांदाच.

फोन आला नाही. त्यानंही केला नाही. आठवडा गेला तशी वहिनींनी विचारणं सोडलं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. तो खाटेवर बसून भिंतीकडं बघायचा आणि मधूनच ओठांत पुटपुटायचा, आधी बावीस, आधी बावीस. मी नकला केल्या. सुपरवायझरची केली, मेहुलभाईंची केली, माझी स्वतःचीपण केली. तो हसायचा, वेळेवर हसायचा, त्याचा पगार मिळत असल्यासारखा.

तो गेला त्या सकाळी स्टँडवर नाशिकच्या गाडीत खिडकी मिळाली त्याला. मी बाहेरून गज धरून उभा. लॅपटॉप त्यानं मला देऊन टाकला होता. म्हटलं गौरीला ने, तर म्हणाला, "नको, बघितला की आठवेल." गाडी सुरू झाली, घरघर व्हायला लागली. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. गजावरच्या माझ्या हाताकडं बघितलं, आखूड बोटांकडं, आणि विचारलं, "युवराज भो, आधी बंद केलं ते चुकलं का रे?"

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला काहीतरी असतं. मयतीतसुद्धा मी एकदा बोलून मार खाल्लाय. पण चुकलं म्हणावं तर ते ज्या हातानं गज धरलाय त्यालाच खोटं. बरोबर केलंस म्हणावं तर त्याला गाडीत कोणी बसवलं? मी म्हटलं, "खिडकीतून हात बाहेर काढू नको." गाडी गेली.

नंतर दोन-तीनदा फोन झाला. पुढं गौरीच्या मामाकडं कुठंतरी गेले ते, मग नंबर लागेना. मी दोन जणांना विचारलं, दोघांनी दोन गावं सांगितली.

मी आता वॉचमन आहे, डोकमर्डीतल्याच एका बिल्डिंगला. आत येणाऱ्याला अडवतो, बाहेर जाणाऱ्याला सलाम मारतो. फायरवॉलच झालो म्हणा, न शिकता. खोली तीच आहे. खाट सगळी माझी, आणि मी कडेला झोपतो, सकाळी चादर गुंडाळून कोपऱ्यात ठेवतो. दाराजवळच्या खालच्या खिळ्यावर माझी चड्डी वाळत असते. खिळा खाली असल्यानं ती फरशीला टेकते आणि पुन्हा मळते. वर दुसरा खिळा ठोकायला पाहिजे.

गलेली आली की मी एकदा लॅपटॉप काढतो. दोन नावं येतात, आकडा उतरतो. मी बोट लावत नाही. वरचं आपोआप उघडतं. रामदासनं मला एकच ओळ पाठ करून दिली होती, वॉचमनची हजेरी घ्यायची. एकेक अक्षर शोधून ती मारतो. पडद्यावर येतं, ड्रॉप. ते तोंड मी आता ओळखतो. आणि त्याच्या पुढं, आजवर दार वाजवायला किती आले त्याचा आकडा. लॅपटॉपला ना वायर, ना वायफाय. आकडा शून्य असतो.

परवाही शून्य होता. वॉचमन उभाच आहे, रामदासनं उभा केला तसा, आणि कोणी आलेलं नाही. मी माझा उजवा हात कीबोर्डच्या बटणांवर ठेवला, उघडा, हलकाच. त्या दिवशी रामदासला हा हात वाचवायची एवढी घाई नसती झाली तर त्याची आधी बंद करायची सवय एवढी पक्की झाली नसती. तर दप्तर त्या खिळ्यावर असतं. मी कुठंतरी दुसऱ्या खाटेवर असतो, डाव्या हातानं गलेली खात, आणि शर्ट असाच भरलेला.

मग लॅपटॉप बंद केला. नुसता झोपवला नाही, पूर्ण बंद. पडदा काळा झाला तरी पंखा आत थोडा वेळ फिरत होता. तो थांबेपर्यंत बसून राहिलो.